मुलांची पोटदुखी आणि जठरातील जंतूची तपासणी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'आरोग्यविषयक दोन शब्द' असे छापलेले आहे. ते वाचून कोणाचा असा समज होऊ नये की निवृत्तीनंतर आम्ही वैद्यकी आरंभिली आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. उभी हयात खडू, फळा आणि हजेरीपट यांच्या संगतीत गेली. परंतु विषय मुलांचा आहे, आणि मुलांच्या पोटदुखीशी जितका संबंध डॉक्टरांचा येतो तितकाच, किंबहुना काकणभर अधिक, शाळामास्तरांचा येतो. शिवाय प्रसंगही तसाच आहे. एका उदार ज्ञातिबंधूंनी येत्या आरोग्य शिबिरासाठी देणगी देऊ केली आहे. तिच्यातून ज्ञातीतील पंधरा वर्षांखालील प्रत्येक मुलाचे रक्त तपासून त्याच्या जठरात 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' नावाचा जंतू आहे की नाही हे पाहावे, आणि ज्यांच्या अहवालात तो निघेल त्यांस लागलीच औषधे द्यावीत, असा ठराव कार्यकारी मंडळापुढे आहे. त्यावर निर्णय होण्यापूर्वी हा विषय सर्व कुटुंबांस समजावून सांगावा अशी चिटणीसांनी आम्हांस आज्ञा केली. दात्याच्या अंतःकरणाविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि आमचे मत आरंभीच सांगून टाकतो : ही तपासणी अशा रीतीने होऊ नये. का होऊ नये, ते कृपा करून ऐकावे.

प्रथम हा जंतू कोण, ते पाहू. जठरात इतके तीव्र आम्ल असते की तेथे कोणताही जंतू तग धरू शकणार नाही, अशी वैद्यकाची दीर्घकाळ समजूत होती. पोटात व्रण झाला की दोष द्यावयाचा तो तिखटाला, काळजीला आणि रागीट स्वभावाला. १९७९ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी रॉयल पर्थ हॉस्पिटलात रॉबिन वॉरन या विकृतितज्ज्ञांना सूक्ष्मदर्शकाखाली, जठराच्या अस्तराचे तुकडे पाहता पाहता, त्यावर वळणदार आकाराचे जंतू चिकटलेले दिसले. १९८१ साली बॅरी मार्शल नावाचे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. हा जंतू प्रयोगशाळेत काही केल्या वाढेना. दोन दिवसांत काही उगवले नाही की बशी फेकून द्यावी, असा तेथील प्रघात होता. १९८२ साली ईस्टरची सुटी आली, बशा तशाच राहिल्या, आणि सुटी संपल्यावर पाहतात तो वसाहती उगवलेल्या! इतर जंतूंहून हा अंमळ सावकाश वाढणारा, इतकेच काय ते रहस्य. पुढे १९८४ साली, लोक विश्वास ठेवीत नाहीत म्हणून, मार्शल यांनी त्या जंतूंचा द्रव स्वतः प्राशन केला आणि थोड्याच दिवसांत वांत्या व जठरदाह ओढवून घेतला. (असल्या धाडसाचा कित्ता कोणी गिरवू नये.) या दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९८९ साली जंतूचे सध्याचे नाव ठरले. 'हेलिको' म्हणजे मळसूत्री, आणि 'पायलोरस' हा ग्रीक शब्द द्वारपालाचा. जठरातून आतड्याकडे जाणाऱ्या दाराचे ते नाव.

आम्लात हा द्वारपाल जिवंत राहतो कसा? त्याच्याजवळ 'युरिएज' नावाचे एक विकर आहे. आपल्या शरीरात युरिया सर्वत्र असतो. हे विकर त्या युरियाची फोड करून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आमच्या पिढीच्या पुस्तकांतला कर्बाम्ल वायू, निर्माण करते. अमोनियामुळे जंतूच्या भोवतीचे आम्ल निष्प्रभ होते आणि तो जठराच्या बुळबुळीत स्तरात सुखाने घर करून राहतो. ही एक गोष्ट श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. कारण ज्या युक्तीने जंतू लपतो, त्याच युक्तीने तो पकडलाही जातो.

पोटात दुर्बीण घालून अस्तराचा तुकडा काढणे, ही त्याला पकडण्याची मूळ रीत. ती खात्रीची आहे. परंतु मुलांच्या बाबतीत उपाशी ठेवणे, गुंगी किंवा भूल देणे, रुग्णालयात नेणे हे सारे आले. म्हणून दुर्बिणीवाचून काही करता येईल काय, असा शोध सुरू झाला, आणि १९८७ साली ह्यूस्टन येथील डेव्हिड ग्रॅहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्वासाची परीक्षा पुढे मांडली. तिची कल्पना आम्हांस इतकी सुंदर वाटली की वर्गात असतो तर एक संपूर्ण तास तिच्यावर घालविला असता. निसर्गातील कार्बन बहुतेक बारा वजनाचा असतो. परंतु शंभरात सुमारे एक अणू तेरा वजनाचा असतो. तो किरणोत्सर्गी नाही, निरुपद्रवी आहे, आपल्या भाजीभाकरीतही आहे. प्रयोगशाळेत हा तेरा वजनाचा कार्बन घालून युरिया तयार करतात. मूल उपाशीपोटी आले की प्रथम त्याला एका पिशवीत फुंकावयास सांगतात. मग तो युरिया आंबट सरबतातून पाजतात. अर्ध्या तासाने पुन्हा दुसऱ्या पिशवीत फुंकावयाचे. जठरात जंतू असला तर युरियाची फोड होते, तेरा वजनाचा कार्बन वायुरूपाने रक्तात, रक्तातून फुप्फुसांत आणि तेथून पिशवीत येतो. दोन्ही पिशव्यांतील प्रमाण यंत्रावर ताडून पाहिले की झाले. सुई नाही, नळी नाही. मुलाला फुगा फुगविल्याचा आनंद तेवढा होतो.

चौदा वजनाचा कार्बन वापरूनही हीच परीक्षा करतात. तो मात्र किरणोत्सर्गी असतो. मात्रा अत्यल्प असली तरी मुलांकरिता आणि गर्भवती स्त्रियांकरिता तो टाळतात. तेव्हा श्वासपरीक्षेला मूल नेताना 'तेरा की चौदा' एवढा प्रश्न निःसंकोच विचारावा. मास्तरांनी विचारावयास सांगितले म्हणून सांगावे.

सहा वर्षांखालील बालकांत ही परीक्षा थोडी फसवी ठरते, हेही सांगितले पाहिजे. लहान मूल सरबत तोंडात घोळवीत बसते आणि तोंडातील इतर काही जंतूंजवळही युरिएज असते, त्यामुळे नसलेला जंतू असल्यासारखा दिसू शकतो. शिवाय लहान देहात हा वायू निर्माण होण्याचे प्रमाणच मोठ्यांहून वेगळे. मोठ्यांची मोजपट्टी त्यांना जशीच्या तशी लावता येत नाही. अशा बालकांना मलपरीक्षा अधिक सोयीची. जंतूचे अंश, ज्यांस शास्त्रात प्रतिजन म्हणतात, ते मलात उतरतात आणि ते ओळखता येतात. यातही एकाच जातीच्या नेमक्या प्रतिपिंडांनी प्रयोगशाळेत करावयाची 'एलायझा' पद्धतीची परीक्षा विश्वसनीय. जागच्या जागी पट्टीवर उत्तर देणाऱ्या झटपट परीक्षा तितक्या भरवशाच्या नाहीत.

आता रक्ताची परीक्षा, जी आपल्या ठरावात आहे. ती जंतूला शोधतच नाही. जंतू शरीरात आल्यावर शरीर त्याच्याविरुद्ध जे प्रतिपिंड निर्माण करते, त्यांना ती शोधते. चोर पकडण्याऐवजी चोर आला होता म्हणून लावलेले कुलूप पाहण्यासारखे हे आहे. चोर निघून गेला तरी कुलूप महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, तसेच राहते. आणि लहान मुलांत कधी कधी चोर घरात असूनही कुलूप लागलेले नसते. याच कारणासाठी युरोप आणि उत्तर अमेरिका येथील बालकांच्या पचनरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१६ साली सिद्ध केलेल्या संयुक्त मार्गदर्शिकेत मुलांच्या निदानासाठी रक्तातील, लाळेतील किंवा लघवीतील प्रतिपिंडांच्या परीक्षांवर विसंबू नये, असे स्पष्ट म्हटले आहे.

हे केवळ पुस्तकी नाही. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील नऊ वर्षांच्या मुलीची हकीकत सांगतो. नावगाव सांगण्याचे कारण नाही. तिचे पोट सकाळी दुखे. कोणा प्रयोगशाळेत रक्त तपासले, अहवालात हा जंतू 'आहे' असे निघाले. दोन प्रतिजैविके आणि एक आम्लशामक, असा चौदा दिवसांचा कोर्स झाला. पोरीच्या तोंडाची चव गेली, जुलाब झाले, शाळा बुडाली. महिन्याने पुन्हा रक्त तपासले, पुन्हा 'आहे'. पुन्हा औषधे. तिसऱ्या खेपेस आईने हिय्या करून मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी औषधे थांबवून ठरावीक अवधीनंतर मलपरीक्षा केली, तेव्हा जंतूचा मागमूसही नव्हता. मग त्यांनी एक साधा प्रश्न विचारला : मुलगी शौचास केव्हा जाते? उत्तर मिळाले, दोन-तीन दिवसांनी. सकाळी शाळेची घाई, आणि शाळेतील संडास असा की पोरी दिवसभर आवरून धरतात. मलावरोध दूर झाला, पोटदुखी थांबली. दुसरा कोर्स कशासाठी दिला गेला, याचे उत्तर ती प्रयोगशाळाही देऊ शकत नाही आणि औषध लिहिणारेही देऊ शकत नाहीत.

शाळेत चाळीस वर्षांच्या आसपास काढलेल्या मनुष्याला यात नवल वाटत नाही. पोट दुखते म्हणून घरी सोडा, असे म्हणणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. गणिताच्या तासाला दुखणारी पोटे आहेत, घरात भांडण झाले की दुखणारी आहेत, डबा न खाता मधली सुटी खेळण्यात घालविल्यामुळे दुखणारी आहेत. यांतील एकही पोट खोटे दुखत नाही, हे आम्ही आवर्जून सांगतो; दुखणे खरे असते, केवळ त्याचे मूळ व्रणात नसते. इंग्लंडात ब्रिस्टल येथे जॉन ॲप्ली आणि नोरा नेश यांनी शाळांतील १,००० मुलांची पाहणी करून १९५८ साली ती प्रसिद्ध केली. त्यांना आढळले की दर दहांत सुमारे एका मुलाला अशी वारंवार पोटदुखी असते. आणि अशा मुलांतील थोड्यांतच शरीराचा एखादा रोग सापडतो. त्या पाहणीच्या वेळी आपल्या जंतूचे नावही कोणास ठाऊक नव्हते.

आता थोडे त्रैराशिक करू. हा जंतू बहुधा वयाच्या पहिल्या पाच वर्षांत, घरातल्या घरातच मुलाला लागतो. आईकडून, भावंडांकडून, दाटीवाटीच्या राहणीतून, अस्वच्छ पाण्यातून. आपल्या देशात तो फार जणांत आहे. समजा, शंभर मुलांपैकी पन्नासांत तो आहे. समजा, त्या शंभरांत दहांचे पोट दुखते आणि त्या दुखण्याचा जंतूशी काडीचाही संबंध नाही. तरीसुद्धा त्या दहांपैकी पाचांच्या अहवालात जंतू निघणारच! पाचही आईबाप म्हणणार, सापडले कारण. आणि ज्यांचे पोट दुखत नाही अशा पंचेचाळीस मुलांच्या घरी विनाकारण चिंता शिरणार. जो जंतू निम्म्या वर्गाच्या दप्तरात आहे, त्यालाच चोरीबद्दल छड्या मारण्यात कसला न्याय?

म्हणूनच वर सांगितलेली मार्गदर्शिका असे म्हणते की मुलाची पोटदुखी कार्यात्मक स्वरूपाची असेल तर या जंतूची परीक्षाच करू नये. ज्या मुलाची लक्षणे गंभीर आहेत, त्याच्या लक्षणांचे कारण शोधावे. निव्वळ जंतू शोधू नये. त्यासाठी दुर्बीणच लागते. झोपेतून जागे करणारी वेदना, वारंवार वांती, वांतीत रक्त, डांबरासारखा काळा मल, घटणारे वजन, खुंटलेली वाढ, आईबापांपैकी कोणाला जठरव्रण झाल्याचा इतिहास, यांपैकी काही असल्यास शिबिराची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे जावे. लोहाची औषधे देऊनही न हटणारा आणि दुसरे कारण न सापडणारा रक्तक्षय असेल तरीही डॉक्टर या जंतूचा विचार करतात.

मग श्वासाची आणि मलाची परीक्षा निरुपयोगी काय? मुळीच नाही. दुर्बिणीने निदान होऊन उपचार झाले, की जंतू गेला किंवा नाही हे पाहण्यास त्यांच्यासारखे साधन नाही. उपचारानंतर पुन्हा दुर्बीण घालावी लागत नाही, हा मुलांवर केवढा उपकार! आणि ही दुसरी परीक्षा चुकवू नये. आपल्याकडे या जंतूने क्लॅरिथ्रोमायसीन आणि मेट्रोनिडॅझोल यांसारख्या औषधांना न जुमानणे पुष्कळ आढळते. पोट दुखावयाचे थांबले म्हणजे जंतू गेलाच असे नाही. प्रत्येक अर्धवट कोर्स त्याला अधिक निर्ढावतो. ज्ञातीतील दीडदोनशे मुलांना एकदम प्रतिजैविके पाजण्यास आमचा विरोध आहे, त्याचे हे मोठे कारण.

दाते जपानचे उदाहरण देतात. ते खरे आहे, आणि म्हणूनच ते पुरे ऐकावे. क्यूशू बेटावरील सागा प्रांतात २०१६ सालापासून कनिष्ठ माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षातील, म्हणजे सुमारे पंधरा वर्षांच्या, विद्यार्थ्यांची या जंतूसाठी सरकारी खर्चाने चाचणी करतात. जपानी शाळांत मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी मुलांची लघवी दरवर्षी घेतलीच जाते. तिचाच उपयोग करून प्रतिपिंड पाहतात. परंतु तेवढ्यावर औषध देत नाहीत. ज्यांत प्रतिपिंड दिसले त्यांची मलपरीक्षा होते, आणि तीही होकारार्थी आली, पालकांची संमती मिळाली, तरच उपचार. लघवी ही केवळ चाळणी, निकाल मलपरीक्षेचा. आणि तेथे अखेर जंतू निघतो तो शंभरात तीन-चार मुलांत. जपानात जठराचा कर्करोग फार. या जंतूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली पहिल्या वर्गाचे कर्करोगकारक ठरविले आहे, तेव्हा त्यांची चिंता समजण्यासारखी आहे. आपल्या देशात जंतू विपुल असूनही, मिझोरमसारखे काही प्रदेश वगळता, जठराचा कर्करोग त्या मानाने कमी आढळतो. या कोड्याचा उलगडा शास्त्रज्ञांना अद्याप पुरता झालेला नाही. आणखी एक : खुद्द जपानातील बालपचनरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेही लक्षणे नसलेल्या मुलांना तपासून औषध देण्याच्या विरुद्ध मत दिलेले आहे. म्हणजे ज्या देशाचा दाखला द्यावयाचा, त्या देशातच या प्रश्नावर एकवाक्यता नाही.

ज्या मुलाला डॉक्टरांनी श्वासाची किंवा मलाची परीक्षा लिहून दिली असेल, त्याच्या आईवडिलांसाठी चार व्यावहारिक गोष्टी. प्रतिजैविक संपल्यापासून निदान चार आठवडे जाऊ द्यावेत. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारखी आम्लशामके निदान दोन आठवडे आधी, डॉक्टरांना विचारून, बंद करावीत. नाहीतर जंतू असूनही तो दडून बसतो आणि अहवाल खोटा 'नाही' येतो. आपल्या घराघरांतून सकाळची गोळी म्हणून ही औषधे पेपरमिंटसारखी घेतात आणि मुलांनाही देतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. श्वासपरीक्षेच्या दिवशी मुलाला सांगितल्याप्रमाणे उपाशी ठेवावे. चोरून दिलेले बिस्किट आजीच्या मायेचे असले तरी परीक्षेत धरले जाते. मलाचा नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या स्वच्छ डबीत, लघवी किंवा पाणी न मिसळता घ्यावा, आणि तो लवकर पोचवावा. पातळ जुलाब होत असताना नमुना देऊ नये, कारण तसा नमुना फसवितो.

आता देणगीचे काय? ती परत करावी असे आमचे म्हणणे नाही, आणि दाते सभागृहात उपस्थित असल्यामुळे त्यांच्या समक्षच ही उपसूचना मांडतो. शिबिरात मुलांचे वजन, उंची आणि रक्तातील हिमोग्लोबिन पाहावे. रक्तक्षय आपल्या मुलींत किती आहे, हे त्यांच्या फिकट नखांकडे पाहून कोणासही कळेल. ज्या कुटुंबाला बालरोगतज्ज्ञांनी दुर्बिणीची, श्वासाची अथवा मलाची परीक्षा लिहून दिली असेल आणि खर्च झेपत नसेल, त्यास संस्थेच्या आरोग्य निधीतून साहाय्य मिळावे. अर्ज चिटणीसांकडे करावा आणि नाव गुप्त राहावे. उरलेल्या रकमेतून आपल्या विद्यार्थी वसतिगृहातील पिण्याच्या पाण्याची टाकी आणि संडास दुरुस्त व्हावेत. तेथे सांप्रत सहा संडासांपैकी दोनच वापरता येतात आणि त्यांतील एकास आतून कडी नाही, हे आम्ही गेल्या महिन्यात स्वतः जाऊन पाहिले आहे. दात्यांचे नाव असलेली शिला तेथे लावण्यास कोणाची हरकत नसावी. संडासावर नको वाटल्यास पाण्याच्या टाकीवर लावावी.

उपसूचनेची सही केलेली प्रत चिटणीसांच्या स्वाधीन केली आहे. ती कार्यकारी मंडळाच्या येत्या बैठकीत मताला पडेल. ज्यांना शंका असतील त्यांनी भोजनानंतर आम्हांस मंडपाच्या उत्तरेकडील बाजूस गाठावे. परंतु कोणी मुलाचा रक्ताचा अहवाल घेऊन येणार असेल तर तो आम्हांस न दाखविता डॉक्टरांनाच दाखवावा.